प्रेमकथा टाळणाऱ्या वाचकाची ‘एमा’

प्रेमकथांविषयी माझी तक्रार जुनी आहे, आणि ती प्रेमाविषयी नसून प्रेमकथेच्या सवयींविषयी आहे. दोन माणसे एकमेकांना आवडली आहेत हे आधी लेखक सांगतो, मग ती माणसे एकमेकांना सांगतात, मग एखादी मैत्रीण तेच पुन्हा सांगते, आणि एवढे सांगून झाल्यावर एक गैरसमज दोनशे पाने तगवून धरला जातो, जो कोणी एक सरळ प्रश्न विचारला असता तर तिथल्या तिथे मिटला असता. रहस्यकथेत खून का झाला याला कारण द्यावे लागते. प्रेमकथेत मात्र ‘हीच व्यक्ती का’ या प्रश्नाला पुष्कळदा डोळ्यांचा रंग पुरतो. अशा मताच्या वाचकाने काओरू मोरी या जपानी चित्रकथाकार लेखिकेची ‘एमा’ ही दहा खंडांची कॉमिक्स मालिका हाती घ्यावी, याला तसे काही कारण नव्हते. मी ती घेतली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लंडनच्या चित्रांसाठी. वाचून संपवली ती मात्र प्रेमकथेसाठी.

मालिकेची माहिती थोडक्यात अशी. ‘एमा’ २००२ सालापासून जपानमधल्या ‘कॉमिक बीम’ या मासिकात क्रमशः प्रसिद्ध होत गेली आणि मुख्य कथा २००६ मध्ये सातव्या खंडात संपली. उरलेले तीन खंड उपकथांचे आहेत. जपानी कॉमिक्समध्ये किशोरवयीन मुलींसाठी लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकथांची मोठी आणि स्वतंत्र परंपरा आहे, पण ही मालिका त्या परंपरेतल्या मासिकात न येता प्रौढ वाचकांच्या मासिकात आली, आणि तिचा सूर पाहता ते योग्यच वाटते. २००५ साली जपान मीडिया आर्ट्स फेस्टिव्हलमध्ये तिला उत्कृष्टता पुरस्कार मिळाला. इंग्रजीत ती दोनदा आली असून ‘येन प्रेस’ने काढलेल्या आवृत्तीत दोन-दोन खंड एकत्र बांधून पाच जाड पुस्तके केली आहेत. हे परीक्षण त्या आवृत्तीचे आहे.

कथा सांगायला अगदी सोपी आहे, आणि नुसती ऐकून कोणाला ती वाचावीशी वाटेल असे नाही. एमा ही लंडनमधल्या केली स्टोनर नावाच्या वृद्ध, विधवा, निवृत्त गव्हर्नेसच्या घरी काम करणारी मोलकरीण आहे. विल्यम जोन्स हा धनाढ्य व्यापारी घराण्याचा थोरला मुलगा लहानपणी याच केलीबाईंच्या हाताखाली शिकलेला आहे. बऱ्याच काळाने तो आपल्या जुन्या शिक्षिकेला भेटायला येतो आणि तिच्या मोलकरणीच्या प्रेमात पडतो. जोन्स कुटुंबाकडे पैसा भरपूर आहे, पण उमरावांमध्ये त्याची गणना होत नाही, आणि वडिलांची इच्छा अशी की थोरल्या मुलाच्या लग्नाने ती उणीव भरून निघावी. श्रीमंत मुलगा, गरीब मुलगी, मध्ये वडील उभे. हा साचा इतका वापरला गेला आहे की त्यात नवे काही निघेल अशी अपेक्षा करणे कठीण होते.

नवे निघते ते पहिल्याच प्रसंगात. विल्यम दाराशी येऊन उभा राहतो, आत जावे की नाही या विचारात असतो, आणि तेवढ्यात एमा आतून दार उघडते ते थेट त्याच्या तोंडावर आदळते. नायक-नायिकेची ही पहिली भेट आहे आणि तिच्यात काव्य औषधालाही नाही. चहा होतो, जुन्या शिस्तीच्या आठवणी निघतात, केलीबाई अजूनही त्याला शाळकरी पोरासारखे वागवतात. निघताना तो हातमोजे विसरतो आणि ते द्यायला एमा त्याच्यामागे धावत जाते. या सगळ्यात एकही वाक्य प्रेमाचे नाही. विल्यमचा गोंधळलेला चेहरा, एमाची खाली गेलेली नजर, रस्त्यावरची येजा एवढेच दिसते, आणि तरीही काय घडले आहे याविषयी वाचकाच्या मनात शंका उरत नाही. केलीबाईंच्या मनातही उरत नाही. त्या नजरेने सगळे टिपतात आणि गप्प राहतात.

माझी हरकत इथेच गळून पडली, आणि तिचे कारण कॉमिक्स या माध्यमाच्या रचनेत आहे असे मला वाटते. कादंबरीत शांतता दाखवायची झाली तरी ती शब्दांनीच दाखवावी लागते. ‘दोघे काही बोलले नाहीत’ हेही एक वाक्यच असते, आणि ते लिहिले की लेखक मध्ये बोललेला असतो. चित्रपटात शांतता असते, पण ती किती वेळ टिकायची हे दिग्दर्शक ठरवतो, आणि बहुधा पार्श्वसंगीत तिच्यात आपले मत घुसडते. कॉमिक्समध्ये मात्र संवादाचा फुगा नसलेली चौकट खरोखरच शांत असते, आणि तिच्यावर किती वेळ थांबायचे हे पूर्णपणे वाचकाच्या हातात असते. एका चौकटीत एमा खिडकीकडे पाहते, पुढच्या चौकटीत रिकामा रस्ता दिसतो, तिसऱ्या चौकटीत ती पुन्हा कामाला लागलेली असते. या तीन चित्रांच्या मधल्या दोन फटींत तिच्या मनात काय आले, ते चित्र सांगत नाही. ते वाचकाला भरावे लागते, आणि जे आपण स्वतः भरले त्याच्यावर अविश्वास दाखवणे अवघड जाते. प्रेमकथा मला पटत नसत याचे एक कारण हेही असावे की माझ्या वाट्याचे काम त्यांनी आधीच उरकून ठेवलेले असे.

चष्म्याचा प्रसंग या पद्धतीचा चांगला नमुना आहे. एमा चष्मा लावते, आणि तिच्या स्थितीतल्या मुलीकडे तो असणे ही साधी बाब नाही. तिची नजर कमजोर आहे हे केलीबाईंच्या लक्षात आले आणि त्यांनी तो तिला करून दिला. तो डोळ्यांवर चढल्यावर तिला समोरचे जग पहिल्यांदा स्पष्ट दिसले. विल्यमला तिला काहीतरी द्यायचे असते, आणि त्याच्या डोक्यात येतो तो नवा, अधिक चांगला चष्मा. एमा नम्रपणे नाही म्हणते. श्रीमंत माणसाला जी वस्तू बदलून घ्यावीशी वाटते, ती समोरच्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी भेट असू शकते, हे विल्यमला त्या क्षणी थोडेफार कळते. दोघांमधले सामाजिक अंतर इथे कोणी भाषण करून सांगत नाही. ते त्या जुन्या चष्म्यात मावलेले आहे. आणि तिने नकार दिला म्हणून तो दुखावला जात नाही, उलट तिच्याकडे अधिक लक्ष देऊन पाहू लागतो. ‘हीच व्यक्ती का’ या माझ्या प्रश्नाला इतके समाधानकारक उत्तर मी कमी वेळा वाचले आहे.

मोरी यांच्या चित्रांत सर्वांत जास्त जागा मिळते ती कामाला. विस्तव पेटवणे, पायऱ्या घासणे, पडदे ओढणे, चहा ओतणे, कपड्यांची बटणे लावणे, केस विंचरून बांधणे: या गोष्टी इतर लेखक एका चौकटीत उरकतील, पण इथे त्या पानभर चालतात, आणि हात ज्या निगुतीने काढले आहेत ते पाहून लेखिकेचा जीव नेमका कशात आहे हे ओळखू येते. तत्कालीन घरकाम, पोशाख आणि नोकरांच्या उतरंडीचा अभ्यास तिच्यामागे आहे. इतिहासाच्या बाजूने रिको मुराकामी यांचे साहाय्य या मालिकेला लाभले. या अभ्यासाचा दिखावा मात्र कुठे नाही. १८९१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये घरकाम करणाऱ्या स्त्रियांची संख्या १३ लाखांहून अधिक होती, म्हणजे स्त्रियांच्या रोजगारात तो व्यवसाय सर्वांत मोठा होता. असे असूनही त्या काळावरच्या बहुतेक प्रेमकथांत मोलकरीण येते ती ट्रे ठेवून बाहेर जाण्यापुरती. इथे आपण तिच्यासोबत बाहेर जातो, स्वयंपाकघरात उतरतो, जिना चढतो आणि दिवसाच्या अखेरीस तिच्या खोलीत पोचतो.

या कामामुळेच भावनाही विश्वसनीय होतात. केली स्टोनर यांचे आजारपण आणि मृत्यू दुसऱ्या खंडात येतो, आणि तो प्रसंग मला संपूर्ण मालिकेत सर्वांत उत्तम वाटतो. केलीबाई रोखठोक आहेत, त्यांना भावनेचे प्रदर्शन खपत नाही, आणि एमा मुळातच कमी बोलणारी. त्यामुळे या दोघींच्या निरोपात मोठी वाक्ये येण्याची शक्यताच नसते. बाई गेल्यावर घर आवरायचे असते. एमा ते आवरते. ज्या खोल्या आपण दोन खंड भरलेल्या पाहिल्या, त्या एकेक करून रित्या होत जातात, आणि एमा ज्या शिस्तीने रोज कामे करी त्याच शिस्तीने हे शेवटचे काम करते. तिला रडताना दाखवून जे साधले नसते ते या पानांवर साधते. या टप्प्यापर्यंत मला कळून चुकले होते की मालिकेतली पहिली प्रेमकथा विल्यम आणि एमाची नाही; ती एका कडक म्हाताऱ्या बाईची आणि तिने रस्त्यावरून घरी आणलेल्या अनाथ मुलीची आहे. दुसरी कथा उभी राहते ती या पहिलीच्या पायावर.

विल्यमच्या वडिलांचे पात्र ही आणखी एक जमेची बाजू. रिचर्ड जोन्स हा खलपुरुष नाही. तो मुलाला बजावतो ते असे की हा देश दिसायला एक असला तरी आत दोन देश आहेत, भाषा एकच असली तरी ती माणसे निरनिराळ्या मुलखांत राहतात, आणि एका मुलखातून दुसऱ्यात जाणाऱ्याला दोन्हीकडे घर उरत नाही. हे तो दुष्टपणे म्हणत नाही. त्याने स्वतः त्याची किंमत पाहिलेली आहे, आणि ती कशी, हे हळूहळू उलगडते. त्यामुळे ज्या गैरसमजावर माझी मूळ तक्रार होती त्याची इथे गरजच पडत नाही. विल्यम आणि एमा यांच्यात गैरसमज नाही. त्यांना एकमेकांचे मन ठाऊक आहे, आणि तरीही मार्ग नाही. अडथळा खरा असला की कथा ताणावी लागत नाही, ती आपोआप लांबते.

एलिनॉर कॅम्पबेल या पात्रासाठी तर मी लेखिकेला पैकीच्या पैकी गुण देईन. एमा लंडन सोडून गेल्यावर विल्यम हताश होतो आणि वडिलांच्या मनासारखे वागू लागतो. व्हायकाउंट (उमरावांमधला एक किताब) कॅम्पबेल यांच्या या धाकट्या मुलीशी त्याचा विवाह ठरतो. सामान्य प्रेमकथेत नायक-नायिकेच्या मध्ये येणारी अशी मुलगी एकतर गर्विष्ठ असते किंवा मूर्ख, म्हणजे तिला दूर सारताना वाचकाला वाईट वाटू नये. एलिनॉर भाबडी आहे, सालस आहे, आणि तिचे विल्यमवर खरोखर प्रेम आहे. तिचे हसणे, भेटीआधीची तिची लगबग, आपल्या दासीशी चाललेली तिची कुजबूज हे सगळे लेखिका एमाच्या बरोबरीच्या मायेने रेखाटते, आणि त्यामुळे पुढे जे होते ते वाचताना आपण नायकाच्या बाजूने निर्धास्तपणे उभे राहू शकत नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ठरलेले लग्न मोडणे ही केवळ मनाची बाब नव्हती. वचनभंगाबद्दल न्यायालयात भरपाई मागता येत असे, आणि मुलीच्या लौकिकाचे नुकसान तर कोणत्याही भरपाईने भरून न येणारे. विल्यमच्या सुखाचे बिल कोणाच्या नावावर फाटते, हे ही मालिका लपवत नाही.

विल्यमविषयी मात्र माझे मत फारसे चांगले झाले नाही. तो सज्जन आहे आणि ढिला आहे. निर्णय घ्यायची वेळ आली की तो गप्प बसतो, आणि घेतो तेव्हा उशीर झालेला असतो. लेखिकेला हे ठाऊक आहे असे मानायला जागा आहे, कारण त्याच्या उशिराचे परिणाम ती त्याला भोगायला लावते. तरीही एमासारखी स्त्री त्याच्यात नेमके काय पाहते हे मला शेवटपर्यंत पुरते उमगले नाही. तो तिचे ऐकून घेतो आणि तिच्याशी माणसासारखे बोलतो, एवढे उत्तर मिळते. तिच्या परिस्थितीत ते कमी नसावे.

भारतीय वाचकाला हकीम अटवारी या पात्रापाशी थांबावेच लागेल. हा विल्यमचा मित्र, भारतातला राजपुत्र, आणि तो लंडनमध्ये अवतरतो तो हत्तींचा ताफा आणि नर्तकींचा लवाजमा घेऊन. हे आडनाव कोणत्या संस्थानातले ते लेखिकाच जाणे. हत्ती जोन्स यांच्या वाड्यापर्यंत पोचतात आणि शिस्तबद्ध इंग्रज नोकरवर्गाची जी तारांबळ उडते ती मनापासून हसवते. ही पाने काढताना चित्रकार स्वतः मजेत असावी हे रेषेरेषेत दिसते. पण त्याच वेळी हेही खरे की मालिकेतल्या प्रत्येक इंग्रज चमच्याची आणि झालरीची शहानिशा करणाऱ्या लेखिकेने भारताच्या बाबतीत मात्र तयार साच्यावर भागवले आहे. हकीमसोबतच्या स्त्रियांना तर जवळजवळ तोंडच उघडू दिलेले नाही. त्याची भरपाई एका बाबतीत होते. हकीम हा या समाजाबाहेरचा असल्यामुळे त्याला तिथले नियम लागू नाहीत. त्यालाही एमा आवडते, तो ते तिला सरळ सांगून टाकतो, नकार मिळाल्यावर कुरबूर करत नाही, आणि विल्यम ज्या भिंतीला नशीब समजतो ती माणसांनी बांधलेली आहे हे त्याला एका दृष्टिक्षेपात दिसते. गंभीर मंडळींच्या या कथेत एवढ्या मोकळेपणाने बोलणारा तो एकटाच, म्हणून तो पानावर आला की बरे वाटते.

तिसऱ्या खंडापासून कथा उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरमध्ये जाते. रेल्वेच्या प्रवासात टाशा नावाच्या मोलकरणीशी ओळख होते आणि एमाला मोल्डर्स या जर्मन व्यापारी कुटुंबाच्या मोठ्या घरात नोकरी मिळते. केलीबाईंच्या घरात सगळी कामे एकटी करणारी एमा इथे अनेकांतली एक होते: वर हाउसकीपर, खाली स्वयंपाकघरातल्या पोरी, मधे कामांच्या वाटण्या, जेवणाच्या टेबलावरची बसण्याची क्रमवारी, एकमेकींच्या खोड्या. मालकीण डोरोथिया दिलखुलास आहे आणि तिचे आपल्या अबोल नवऱ्याशी असलेले नाते हा लग्नानंतरच्या प्रेमाचा एक सुरेख, जरा चावट नमुना आहे. प्रेमकथा सहसा ज्या दाराशी संपतात त्याच्या आत काय चालते याची लेखिकेला उत्सुकता आहे, आणि ती मला फार आवडली. हान्स हा तिथला नोकर एमाकडे ओढला जातो, तेही फारसे न बोलता. या खंडांना कथानक जवळजवळ नाही असे कोणी म्हणेल. मला ते खंड सर्वांत अधिक भरलेले वाटले.

पाचव्या खंडात पत्रे येतात. विल्यम आणि एमा यांचा पत्रव्यवहार सुरू होतो, आणि शब्दांना इतका वेळ दूर ठेवलेल्या मालिकेत अचानक शब्दांना मान मिळतो. केलीबाईंनी एमाला लिहायला-वाचायला शिकवले होते. त्या शिक्षणाचा उपयोग आता अशा कामासाठी होतो जे त्या बाईंना कदाचित मान्य झाले नसते, कदाचित झालेही असते. पत्र येणे, ते खिशात ठेवून उरलेले काम पुरे करणे, मग एकांत शोधून ते उघडणे, हा क्रम वाचकाचीही परीक्षा पाहतो, कारण मजकूर एमाला कळल्याशिवाय आपल्यालाही कळत नाही.

यानंतर मात्र पुस्तकाची पकड सुटते. योगायोग तर आधीपासूनच वाढत आलेले असतात: यॉर्कशरमधल्या मालकिणीची मैत्रीण नेमकी विल्यमच्या निकटच्या नात्यातली निघावी, आणि तिच्यासोबत एमाने नेमके त्याच समारंभाला जावे जिथे विल्यमच्या लग्नाची घोषणा व्हायची आहे, हे एकदा चालवून घेता येते. सहाव्या खंडात मात्र एमाला दूर पाठवण्याचा कट रचला जातो, समुद्र ओलांडावे लागतात, आणि व्हायकाउंट कॅम्पबेल, जो तोवर थंड, तुच्छतावादी आणि म्हणून भीतिदायक माणूस होता, तो एकाएकी नाटकातला खलनायक होऊन बसतो. आधीच्या पाच खंडांनी जपून उभा केलेला अडथळा हा कोणा एका माणसाचा दुष्टपणा नव्हता, तो समाजाचा स्वभाव होता. एकदा त्याला चेहरा दिला की नायकाने धावून जाऊन नायिकेला सोडवणे एवढेच उरते. नेहमीच्या प्रेमकथांच्या वाचकांना हा भाग कदाचित सर्वांत रोमहर्षक वाटेल. माझ्यापुरते बोलायचे तर पायऱ्या घासणारी एमा मला जहाजावरच्या एमापेक्षा कितीतरी अधिक नाट्यमय वाटली होती. सातवा खंड तोल बराचसा सावरतो, पण काही गाठी जरा घाईने सुटतात.

चित्रांविषयी स्वतंत्रपणे सांगायचे तर पहिल्या खंडातली रेषा काहीशी बुजरी आहे, चेहरे सपाट आहेत आणि तरुण पुरुष एकमेकांसारखे दिसतात. विल्यम आणि त्याचा धाकटा भाऊ आर्थर यांच्यात माझा सुरुवातीला घोळ झाला. खंडागणिक हात बसत जातो. शाईच्या बारीक, एकावर एक ओढलेल्या रेषांनी कापडाचा पोत, लाकडाची चकाकी आणि धुक्यातली खोली दाखवण्याचे तिचे कौशल्य सातव्या खंडापर्यंत अशा पातळीला जाते की संवाद वाचून झाल्यावरही पान उलटवत नाही. रंग नाहीत, आणि त्यांची उणीव जाणवत नाही. प्रत्येक खंडाच्या शेवटी लेखिका स्वतःवर चार विनोदी पाने काढते, ज्यात मोलकरणींच्या पोशाखाविषयीचे तिचे वेड ती बिनदिक्कत कबूल करते. एवढ्या संयत कथेच्या मागे इतकी उत्साही, बडबडी व्यक्ती असावी याची गंमत वाटते.

उपकथांच्या तीन खंडांना वाचक बहुधा पुरवणी समजून सोडून देतील, आणि तसे करू नये असे मी आग्रहाने सांगेन. सगळ्याच कथा सारख्या तोलाच्या नाहीत. मोल्डर्स यांच्या लहान मुलाच्या पाळीव खारीची गोष्ट गोड आहे, आणि तेवढीच आहे. पण आठव्या खंडातली तरुण केली आणि तिचा नवरा डग यांची कथा अशी आहे की तिच्यासाठी मागचे सगळे पुन्हा चाळावेसे वाटते. १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये भरलेले भव्य प्रदर्शन पाहायला जाणारे हे नवविवाहित, तुटपुंज्या मिळकतीचे जोडपे आहे. त्या प्रदर्शनाला साठ लाखांवर लोक आले, आणि मे महिन्याच्या अखेरीपासून आठवड्यातले काही दिवस एक शिलिंगात प्रवेश मिळू लागल्यामुळे कामकरी माणसांनाही आत जाता आले, ही इतिहासातली नोंद आहे. त्या प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्स्टनने आखलेला काच आणि लोखंडाचा क्रिस्टल पॅलेस पुढे उचलून दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमला नेण्यात आला आणि १८५४ मध्ये तिथे पुन्हा खुला झाला. दुसऱ्या खंडात विल्यम आणि एमा फिरायला जातात ते त्याच इमारतीत, आणि दारे बंद झाल्यामुळे पुतळ्यांच्या आणि चांदण्याच्या संगतीत आत अडकतात. केलीबाईंच्या तरुणपणाचे ठिकाण तेच होते हे वाचकाला कळते ते सहा खंडांनंतर, आणि तेव्हा त्या सांगायला हयात नसतात. एमाला ते कधी कळले की नाही, हे पुस्तक सांगत नाही. डग लवकर जातो हेही आपल्याला आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे प्रदर्शनात डोळे विस्फारून फिरणारे ते दोघे पाहताना त्यांच्या आनंदाला धक्का लागू नये म्हणून आपणच पाने जपून उलटतो. याच खंडात ब्रायटनच्या समुद्रकिनारी एलिनॉरला तिच्या वाट्याची काही पाने मिळतात, आणि लेखिकेने तिला वाऱ्यावर सोडले नाही याचा मला मनापासून आनंद झाला.

आवृत्तीविषयी दोन गोष्टी. पुस्तके जपानी क्रमाने, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची आहेत. ज्यांनी कधी मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, वाचलेली नाही त्यांना सुरुवातीची काही पाने अडखळायला होईल, नंतर सवय होते. दोन खंड एकत्र बांधल्यामुळे पुस्तके वजनदार झाली आहेत आणि पडून वाचायला सोयीची नाहीत, पण पान मोठे असल्याने बारीक रेषा दबत नाहीत, आणि या मालिकेत तेच महत्त्वाचे आहे.

प्रेमकथा वाचणाऱ्यांना ‘एमा’ सुचवण्याची गरज नाही, ती त्यांच्यापर्यंत पोचलेली असेल. माझ्यासारख्यांसाठी शिफारस अशी आहे की पहिले पुस्तक, म्हणजे पहिले दोन खंड, पुरते वाचावे आणि केलीबाईंच्या घराचे दार बंद होईपर्यंत मत बनवू नये. त्यानंतरही एमाचे पुढे काय झाले याची ओढ वाटली नाही तर मालिका तिथेच ठेवून द्यावी. ओढ वाटली तर सहाव्या खंडातली समुद्रयात्रा जरा भराभर उलटली तरी चालेल. आठवा खंड मात्र सवड काढून, आणि शक्यतो दुसऱ्या खंडाची आठवण ताजी असताना वाचावा.